मान्य झालेली हरकत

सरकारी कुरण दुसऱ्या कामाला द्यायचं असेल, तर आधी पर्यावरणाचा आढावा घ्यावा लागतो. आढावा झाला की लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात, आणि मागवल्या की त्या येतात. इथपर्यंत कायदा अगदी स्वच्छ आहे. आलेल्या हरकतींचं करायचं काय, हा प्रश्न एकवीस वर्षं माझ्या टेबलावर होता, कारण जमीन कार्यालयात हरकतींचा कारकून मी होतो.

टेबलावर दोन पत्र्याचे ट्रे होते. एकावर चिठ्ठी ‘मुद्दा’, दुसऱ्यावर ‘भावना’. ज्या हरकतीत ठिकाण, आकडा आणि पुरावा हे तिन्ही असेल ती मुद्दा. बाकी सगळ्या भावना. ‘आमच्या पोरांनी खायचं काय?’ ही भावना. ‘तुम्हाला लाज वाटत नाही का?’ ही पण भावनाच. मुद्द्याला अहवालात लेखी उत्तर द्यावं लागे. भावनेला नुसती पोच. पोचेचा रबरी शिक्का इतका झिजला होता की ‘आभारी आहोत’मधलं ‘आहोत’ उमटायचंच नाही. लोकांना नुसतं ‘आभारी’ मिळे. त्याबद्दल हरकत मात्र कधी कुणी घेतली नाही.

त्या वर्षी डोंगराखालच्या कुरणाची फाइल आली. एका कंपनीला कुरणाच्या वरच्या अर्ध्या भागात खडीची खाण काढायची होती. अहवालात चार पर्याय होते: मोठी खाण, मध्यम खाण, लहान खाण आणि काहीच न करणे. हा शेवटचा पर्याय तपासणं सक्तीचं आहे. आम्ही तो दर वेळी कसून तपासायचो, आणि दर वेळी तो एकाच कारणाने नापास व्हायचा. त्यातून काहीच साध्य होत नसे.

फाइलीतला नकाशा उलगडला आणि मी कुरणाच्या हद्दीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. त्या कुरणात माझी थोरली बहीण मेंढ्या चारायची.

अक्काजवळ एकशे साठ मेंढ्या होत्या, एक कुत्रा होता आणि जीभ होती. भाऊजी गेल्यापासून ती एकटीच कळप सांभाळत होती. त्याही आधी, आम्ही लहान असताना, घरात दोन कामं होती, मेंढ्या आणि शाळा. वडिलांनी वाटणी करून टाकली. मेंढ्या तिच्या वाट्याला आल्या, शाळा माझ्या. त्या वाटणीबद्दल ती कधी चकार शब्द बोलली नाही. फक्त मला भेटली की माझे बूट निरखून बघायची.

हरकतींची मुदत संपायला बारा दिवस होते, तेव्हा ती कार्यालयात आली. शिपायाने तिला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. ती आत येऊन माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली.

“धाकल्या, तुझ्या खात्याने माझ्या कुरणात खुंट्या ठोकल्यात. वर लाल फडकी बांधलीत. एक कुत्र्याने फाडलं, म्हटलं सांगून यावं.”

“अक्का, हळू बोल. कुरण सरकारचं आहे.”

“मग मी काय घरी उचलून नेते? मेंढ्या खातात, आणि खाल्लेलं तिथंच टाकतात. सरकारचं सरकारला.”

तिने पदराआडून कागद काढला. शेजारणीकडून लिहून घेतला होता. ‘माझं कुरण घेऊ नका. मेंढ्या गेल्या तर मी मेले असं समजा.’ मी वाचला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने हात आपोआप ‘भावना’च्या ट्रेकडे गेला.

“कुठं टाकतोस?”

“अक्का, यात मुद्दा नाही.”

“मी मेले, हा मुद्दा नाही?”

“ठिकाण नाही, आकडा नाही, पुरावा नाही.”

“पुरावा मेल्यावर देईन.”

शिपाई हसला. मला हसू आलं नाही. वरचं कुरण गेलं तर तिचा कळप उन्हाळा काढू शकणार नाही, हे मला माहीत होतं. मग हरकतींच्या कारकुनाने जे कधीच करू नये ते मी केलं. म्हणालो, “हा कागद राहू दे. रविवारी येतो मी. हरकत मी लिहितो.”

“तू लिहिणार?” तिने बुटांवरून नजर वर आणली. “वडिलांचे पैसे वसूल झाले म्हणायचे.”

रविवारी मी बादली, मनगटी घड्याळ, टेप आणि कॅमेरा घेऊन गेलो. कुरणातली तळी उन्हाळ्यात आटतात. पाणी उरतं ते एकाच जागी, वरच्या अंगाला, एका मोठ्या कपारीखाली. तिथे बोटाएवढी धार बारमाही वाहते. माझं गणित सरळ होतं. हा झरा महत्त्वाचा आहे असं सिद्ध केलं, की वरच्या कुरणाला हात लावता येणार नाही.

मी धारेखाली बादली धरली आणि घड्याळ लावलं. भरायला चार मिनिटं लागली. दोनदा मोजलं.

“मला विचारायचंस की,” अक्का दगडावर बसून म्हणाली. “म्हाताऱ्या मेंढ्या पिऊन होईपर्यंत तरण्या थांबतात. तेवढं पाणी आहे.”

“त्याला आकडा म्हणत नाहीत.”

“मेंढ्या म्हणतात.”

झऱ्याच्या काठाला शेवाळ होतं, आणि त्यात नखाएवढ्या पानांचा एक नेचा. तो मी इतरत्र कुठे पाहिला नव्हता. त्याचं वर्णन लिहिलं, फोटो काढले. आणि मग मला एक नामी कल्पना सुचली, असं तेव्हा वाटलं. झरा किती मोलाचा, हे दाखवायला मी परिच्छेद तीनमध्ये लिहिलं: ‘उन्हाळ्यात दररोज दोन वेळा एकशे साठ मेंढ्या या ठिकाणी येतात. त्यांच्या खुरांनी काठ तीन हात रुंदीपर्यंत खचलेला आहे. छायाचित्रे सोबत जोडली आहेत.’ ठिकाण आलं, आकडा आला, पुरावा आला. लिहून झाल्यावर मी ते दोनदा वाचलं. फार सुंदर उतरलं होतं.

“त्यात लिही, पस्तीस वर्षं मी इथं पाणी पाजते,” अक्का म्हणाली.

“ती भावना होईल.”

“मग लिही, दुसरीकडं पाणी नाही.”

“नकाशावर तळी दाखवलीत ना. तू म्हणतेस म्हणून कोण मानणार?”

“उन्हाळ्यात येऊन बघा म्हणावं.”

“पाहणी झाली अक्का. पावसाळ्यानंतर झाली.”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग पेन घेतलं आणि चार पानांखाली एकेक अक्षर कोरत सही केली. दुसऱ्या दिवशी ती हरकत मी माझ्या हाताने ‘मुद्दा’च्या ट्रेमध्ये ठेवली. नोकरीतला माझा तेवढाच एक भ्रष्टाचार.

मुदत संपली तेव्हा दोनशे चौदा हरकती आल्या होत्या. त्यातल्या तीन मुद्दा ठरल्या. एका निवृत्त शिक्षकाने नकाशावरची उत्तर दिशा चुकल्याचं दाखवून दिलं होतं. दुसरी हरकत खुद्द कंपनीची होती. आपल्या मध्यम खाणीला एका पानावर चुकून लहान म्हटल्याचं तिला वाईट वाटलं होतं. तिसरी अक्काची.

साहेबांनी ती वाचली आणि मला आत बोलावलं. साहेब मनाने चांगले होते. आमच्या खात्यात वाईट माणूस मला फारसा भेटला नाही.

“कोण हो या बाई? काय लिहिलंय! धार मोजली आहे! अशी एक हरकत वाचली की नोकरी केल्याचं सार्थक होतं.”

त्यांनी लगेच वनस्पतींच्या तज्ज्ञ बाईंना पाठवलं. आम्ही त्यांना गवतवाल्या बाई म्हणायचो. बाई कामाला चोख. दोन दिवस झऱ्याकाठी गुडघ्यांवर बसून त्यांनी पानं मोजली. नेचा खरोखरच दुर्मीळ निघाला. अक्काने त्यांना सांगितलं, “त्याला मेंढ्या तोंड लावत नाहीत. कडू आहे.” बाईंनी मान डोलावली. पण त्यांच्या फॉर्ममध्ये चवीचा रकाना नव्हता.

मी अक्काला निरोप पाठवला, नेचा आपल्या बाजूने आहे.

अकरा आठवड्यांनी निर्णय झाला. साहेब खुशीत होते.

“खाण मंजूर. मध्यम. पण झऱ्यापासून चारशे पावलं लांब सरकवली. आणि बाईंची हरकत मान्य! पूर्ण मान्य! माझ्या कारकिर्दीत पहिल्यांदा.”

मी अहवाल वाचायला घेतला. झऱ्याला आणि नेच्याला असलेला सर्वांत मोठा धोका म्हणून जनावरांचा वावर नोंदवला होता. आधार: हरकतदाराचे निवेदन, परिच्छेद तीन. उपाय: झऱ्याभोवती पक्कं कुंपण, जनावरांना कायमची बंदी, कुंपण कंपनी बांधून देणार. खाणीने होणारं नुकसान कुंपणाने होणाऱ्या फायद्यातून वजा केलं होतं, आणि फायदा शिल्लक उरत होता. धूळ नगण्य होती.

“साहेब,” मी म्हणालो, “पण मग मेंढ्यांनी पाणी कुठे प्यायचं?”

साहेबांनी प्रामाणिकपणे चारही पानं पुन्हा चाळली. “हरकतीत तसं कुठे आहे?”

मी पानं हातात घेऊन पाहिली. कुठेच नव्हतं. धारेचा वेग होता, नेच्याची उंची होती, खचलेल्या काठाची रुंदी होती. मेंढ्यांना पाणी लागतं आणि ते दुसरीकडे मिळत नाही, एवढं एक वाक्य चार पानांत नव्हतं.

“पुरवणी देता येईल का त्यांना?”

“मुदत संपली की हो.” साहेबांनी कागदावर ममतेने हात फिरवला. “अक्षर काय सुरेख आहे बाईंचं. अगदी तुमच्या अक्षरासारखं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या निवृत्तीला चार वर्षं होती. मी म्हणालो, “हो, जरासं आहे खरं.” आणि बाहेर आलो.

हरकतदाराला उत्तराचं पत्र टपालाने जातं. मी ते स्वतः घेऊन गेलो. अक्का कुत्र्याच्या पायातला काटा काढत होती.

“वाच.”

“‘आपली हरकत मान्य करण्यात आली आहे.’”

“जिंकलो?”

मी सगळं सांगितलं. तिने काटा काढला, नखावर घेऊन पाहिला आणि टाकून दिला.

“म्हणजे झरा वाचला.”

“हो.”

“माझ्या मेंढ्यांपासून.”

“हो.”

“आणि खाणीपासून?”

“खाणीपासून झऱ्याला धोका नाही, असं अहवालात आहे. खाण पाणी प्यायला येत नाही.”

ती हसली. मोठ्याने, लहानपणी हसायची तशी. मग उठली आणि मेंढ्यांकडे गेली. तिच्याकडून मला चहा विचारायचा राहून गेला.

कुंपण महिन्याभरात झालं. आमच्या खात्यात एवढ्या झटपट झालेलं दुसरं काम मला आठवत नाही. त्याला लोखंडी फाटक, फाटकाला कुलूप. पाहणीची नोंदवही माझ्याकडे होती, म्हणून किल्लीही माझ्याकडे आली. माझ्या खुर्चीमागे खिळ्याला टांगलेली असायची, गळ्यात गोल पत्र्याचा बिल्ला घालून.

उन्हाळा लागला. तळी एकामागून एक आटली, अक्काने सांगितलं होतं तशीच. मग ती कार्यालयात आली. या वेळी शिपायाने स्वतःहून खुर्ची पुढे केली. तिच्या ओठांना भेगा पडल्या होत्या.

“दोन महिन्यांसाठी किल्ली दे. दुपारी तिथं कुणी फिरकत नाही. पाजते आणि कुलूप लावते.”

“अक्का, त्या गवतवाल्या बाई दर पंधरवड्याला जातात. खुरांचे ठसे मोजतात.”

“झाडून काढीन.”

“कुंपणाला लोकर लागेल.”

“वेचून घेईन.”

“आणि कळलं तर? किल्ली कुणाकडे असते हे सगळ्यांना ठाऊक आहे.”

तिने माझ्या मागच्या खिळ्याकडे पाहिलं. खिळा माझ्या खांद्यापासून हातभर अंतरावर होता. मला उठायचीही गरज नव्हती. माझी पेन्शन, घर, मुलीचं शिक्षण असं सगळं त्या हातभर जागेत दाटीवाटीने उभं होतं.

“मी वर अर्ज करतो,” मी म्हणालो. “टँकरने पाणी मागू. आज लिहितो, ताबडतोब.”

अक्का उठली. आवाज चढवला नाही.

“नको,” ती म्हणाली. “तू माझ्यासाठी आता काही लिहू नकोस.”

आठवडाभर तिने बादल्यांनी पाणी वाहिलं, गावातल्या नळावरून. एकशे साठ मेंढ्यांना बादली म्हणजे काय, ते मला, धार मोजणाऱ्याला, कळायला हवं. सात मेंढ्या मेल्या. मग तिने व्यापाऱ्याला निरोप धाडला.

ट्रक आला त्या दिवशी मी अर्धी रजा टाकून गेलो. तरण्या मेंढ्या फळीवरून चढल्या. म्हाताऱ्या चढेनात. व्यापाऱ्याच्या माणसाने काठी उगारली, तेव्हा अक्काने ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि एकेका म्हातारीला उचलून स्वतः आत ठेवलं. पोटाखाली हात घालून, बाळाला ठेवावं तसं. मी मदतीला पुढे झालो.

“राहू दे,” ती म्हणाली, “कपडे खराब होतील तुझे.”

टोमणा असता तर बरं झालं असतं. ती खरंच कपड्यांबद्दल बोलत होती.

ती आता माझ्या सासुरवाडीच्या गावात एका दवाखान्यात फरशी पुसते. नेचा थोडा पसरला आहे. खाणीत सुरुंग लागला की पाण्यावर पांढरट साय धरते. गवतवाल्या बाईंनी ती दोनदा कळवली, पण मान्य झालेल्या हरकतीत धुळीचा उल्लेख नसल्यामुळे तिची दखल घेता आली नाही.

साहेबांनी अक्काची हरकत नमुना म्हणून प्रशिक्षणाला लावली. नाव खोडून, बाकी जशीच्या तशी. शेवटची तीन वर्षं नव्या कारकुनांना ती मीच शिकवली. ठिकाण बघा, आकडा बघा, पुरावा बघा. सगळे उतरवून घेत. एकदा मागच्या बाकावरच्या एका बाईंनी हात वर केला.

“सर, या हरकतदाराचं पुढे काय झालं?”

मी म्हणालो, “त्यांनी पुन्हा हरकत घेतली नाही.” आणि पुढचं पान उलटायला सांगितलं.