वरच्या फळीवरचा डबा

बेकरीवाला तसा मऊ माणूस, पण एकदा त्याच्या डोक्यात संशय शिरला की तो बाहेर काढणं बायकोच्याही हातात नसे.

त्याच्या लेकीला, तेरा वर्षांच्या इटुकलीला, लहानपणापासून मधुमेह. झोपताना तिची साखर शहाण्यासारखी जागेवर असायची आणि सकाळी बोट टोचून बघावं तर आभाळाला टेकलेली. महिनाभर हेच चाललं होतं. घर बेकरीच्या मागेच, मधे एक दार. पोरगी झोपेतून उठून बिस्किटांवर ताव मारते, असं त्याने ठरवूनच टाकलं.

"मी काही खाल्लं नाही, बाबा."

"मग साखर काय हवेनं चढते?"

त्याने बिस्किटांचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला, स्टूल कपाटात कोंडून कुलूप लावलं, वर दाराशी मैदाही भुरभुरला. सकाळी मैद्यावर एक पाऊल नाही, साखर मात्र चढलेलीच.

"पोरगी उड्या मारायला शिकली वाटतं," तो म्हणाला.

बायकोने कपाळावर हात मारला. इटुकली हसली नाही. तिने बापाशी बोलणंच टाकलं. रोज पहिला पाव निघाला की वास घ्यायला धावत येणारी पोर आता दारातून डोकावेनाही. ते त्याला फार लागलं. पण माघार घेईल तर तो बाप कसला!

शेवटी डॉक्टरीणबाईंनी तिच्या दंडावर साखर टिपणारा सेन्सर लावला आणि काही दिवसांनी पडद्यावरची रेघ बापलेकीला दाखवली.

"खाल्लं असतं तर साखर टुणकन वर गेली असती. ही बघा, पहाटेपासून सावकाश चढतेय. या वयात गाढ झोपेत वाढीचं हार्मोन सुटतं, मधुमेह असलेल्या मुलांत तर बऱ्याचदा जरा जास्तच. ते इन्सुलिनला नीट काम करू देत नाही. रात्रीचा डोस बदलू. अहो, पोरगी वाढतेय तुमची!"

"म्हणजे झाकून ठेवलेल्या पिठासारखं," तो पुटपुटला. फुगलेलं पीठ बघून त्याने आजवर कुणावर आळ घेतला नव्हता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्याबरोबर तो डबा खाली काढायला निघाला. स्टुलाच्या कपाटाची किल्ली काही सापडेना. एक खिसा झाला, दुसरा झाला. तेवढ्यात इटुकलीने नुसता हात वर केला, डबा उचलला आणि टेबलावर ठेवला. टाचासुद्धा उचलल्या नाहीत.

तो बघतच राहिला. "अगं, तुझा हात कधीपासून पुरतो तिथं?"

"तुम्ही डबा वर ठेवलात ना, तेव्हाही पुरत होता."

त्याने झाकण उघडलं. डबा काठोकाठ भरलेला होता.

"चुकलो गं," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी उघड्या डब्यावर टपटपलं.

"रडू नका, बिस्किटं सादळतील," इटुकली म्हणाली आणि इन्सुलिनचं पेन आणायला आत गेली. "दोन काढून ठेवा. रीतसर खाते."