आठ जणांची पाळी

मित्रांनो, मी राखेच्या विटा पाडणारी एक जुनी मशीन आहे, आणि मला कुणी भंगार म्हटलं तर त्याची माझ्याशी गाठ आहे! परळीजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मी बारा वर्षं उभी आहे. वीज केंद्रातली राख, सिमेंट आणि दगडाची कच माझ्या साच्यात पडते, मी दाबते आणि वीट बाहेर येते. मी आले तेव्हा मालक अंगदशेठ यांनी नारळ फोडून मला हार घातला होता. पुढे मला तेल घालायची आठवण फक्त छबुबाईंना राहिली. त्या ऊसतोड सोडून इथे आल्या आणि स्वतःसकट आठ जणांच्या मुकादम झाल्या.

गेल्या वर्षी बांधकामं थंडावली. विटांच्या थप्प्या तशाच पडून राहिल्या. एका सकाळी मालक शेडमध्ये आले.

"छबुबाई, आता चौघंच पुरेत. कुणाला कमी करायचं, नावं सांगा."

बबिता माझ्याजवळच राख चाळत होती. ती सगळ्यांत नवी, म्हणजे आधी तीच जाणार. मग तिला ऊसतोडीला जावं लागणार आणि तिच्या लेकीची, वैष्णवीची दहावी बुडणार. तिच्या हातातली चाळण थांबली. मला इतका राग आला, की चालू असते तर मालकांच्या अंगावर राख उडवली असती!

छबुबाई म्हणाल्या, "पैलं नाव माजं घ्या, मंग बाकीची इचारा."

"तुम्ही गेल्यावर काम कोण बघणार?"

"मालक, तुमच्या भावकीची हीर सामाईक हाय न्हवं? उन्हाळ्यात पाणी घटलं की कुणाची पाळी तोडता का?"

"तोडून कसं चालेल? सगळ्यांच्याच पाळ्या बारीक करतो."

"मंग हितं चौघांची काहून तोडाय निघालात?"

मालकांनी पडून राहिलेल्या थप्प्यांकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. म्हणाले, "बघा तसं करून."

छबुबाईंनी सगळ्यांना माझ्यासमोर बोलावलं आणि काही लपवलं नाही. "काम निम्मं झालंय. कवा वाढंल, मला ठावं न्हाई. तीन दिस चौघं, तीन दिस चौघं. मी दोनच दिस येते, माजा तिसरा दिस बबिताला." कुरकुर झालीच. अर्ध्या कामावर कोण खूश होईल? छबुबाईंनी ती सगळी ऐकून घेतली, कुणाला दटावलं नाही.

दसऱ्यानंतर ऊसतोडीचा ट्रक रस्त्यावर येऊन उभा राहिला. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न वाजवू लागला. त्या दिवशी बबिताची पाळी होती. तिने एकदा रस्त्याकडे पाहिलं, डोळे पुसले आणि माझं बटण दाबलं. मी अशी काही धडधडले, की तो हॉर्न कुणाला ऐकूच आला नाही. वैष्णवी त्या वेळी शाळेत होती.

बाजार अजून सुधारलेला नाही, पण आठातलं एकही माणूस कमी झालेलं नाही. मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी साहेब होईल, कुणी मालक होईल. माझ्यासारख्या जुन्या मशीनला वेळेवर तेल घाला. आणि वाईट दिवस आले, तर दुसऱ्याचं काम काढून घेण्याआधी स्वतःचं कमी करून बघा. तेवढी छाती नसेल, तर मुकादमी दुसऱ्याला द्या आणि खुशाल इथे विटा पाडायला या. आम्ही आमच्या पाळ्या अजून थोड्या बारीक करू!