तासभर चालवून पाहू

अस्मितानं मेमरीची पट्टी कडेनं धरली आणि दारातल्या उजेडात नेली. पातळ हिरव्या तुकड्यावर एका रांगेत आठ काळ्या चिप. सगळ्यांवर एकाच कंपनीचं नाव, खोडून पुन्हा छापल्याची खूण कुठे नाही. खालच्या सोनेरी दातांवर दोन-तीन बारीक ओरखडे होते. वापरलेल्या मालावर असतात तेवढेच.

"बघा, बघा. पोरगी बघाय आल्यासारख्या बघा," प्रेमला म्हणाली. "चालून दाखवू का तिला?"

अस्मिता हसली, पण पट्टी खाली ठेवली नाही.

घणसोली गावात जुन्या घराच्या मागे काढलेली ही पत्र्याची खोली. इथे बसून प्रेमला लग्नपत्रिका आणि मतदारयाद्या टाइप करून द्यायची. आता काम बंद केलंय, म्हणून मेमरी विकायची आहे, एवढंच तिनं फोनवर सांगितलं होतं. भाव बाजाराच्या निम्मा. नव्या पट्टीचं नाव काढलं की वाशीचा केतन, जो अस्मिताचं मशीन दुरुस्त करायचा, तो जपानात चिपसाठी लागणारा माल बनवणारा कुठला तरी कारखाना जळाल्याची गोष्ट सांगायचा. तेव्हापासून भाव खाली यायलाच तयार नाहीत म्हणे. तिकडे कारखाना जळला, इकडे तिच्या नवऱ्याच्या, नंदकिशोरच्या कंपनीला टाळं लागलं. तो रोज सकाळी तुर्भ्याला गेटवर जाऊन बसायचा आणि संध्याकाळी परत यायचा. वाशीचा फ्लॅट सोडून दिघ्याच्या चाळीत यावं लागलं. आणली ती भांडी, पाळणा, एक पंखा आणि तिचा कॉम्प्युटर.

कॉम्प्युटरवरच घर चाललं होतं. कमळाकर सरांच्या दहावीच्या विज्ञान गाइडची पानं ती छपाईसाठी लावून द्यायची. पण तिच्या मशीनमध्ये चारच एमबी. आकृती आली की स्क्रीन थिजायचा, केलेलं पान जायचं, पुन्हा पहिल्यापासून. डोळ्याचा छेद तिनं इतक्या वेळा लावला होता की झोपेत दिसायचा. सर चांगले होते, आवाज चढवत नसत. सोमवारी पानं आली नाहीत तर काम दुसरीकडे देईन, हेसुद्धा त्यांनी हळूच सांगितलं होतं. आज शनिवार होता.

प्रेमलानं आपल्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण काढलं, पट्टी तिरकी घालून उभी केली. दोन्ही बाजूंनी खटका बसला. मशीन चालू झालं. काळ्या स्क्रीनवर आकडे धावत वर गेले आणि आठ एमबीवर थांबले.

"झालं? घेता?"

"तासभर चालवून पाहू," अस्मिता म्हणाली. केतननं बजावलं होतं, खराब पट्टी थंड असताना सगळे आकडे बरोबर दाखवते, तापली की खरं काय ते कळतं.

प्रेमलानं कॅबिनेटकडे पाहिलं. मग म्हणाली, चालवा की. कोपऱ्यातला टेबलफॅन उचलून तिनं उघड्या कॅबिनेटसमोर स्टुलावर ठेवला आणि सुरू केला. मशीनची एवढी काळजी घेणारी बाई पाहून अस्मिताला बरं वाटलं. अशा हातात वापरलेली वस्तू बिघडलेली नसते.

तिनं पर्समधून फ्लॉपी काढली. गाइडचं सगळ्यात जड प्रकरण उघडलं. हृदयाची आकृती आली. रक्तवाहिन्या, झडपा, नावं, बाण. स्क्रीन अडखळला नाही. तिनं पानं पुढे नेली, मागे आणली, डोळ्याचा छेद उचलून दुसऱ्या पानावर टाकला. तो जिथे टाकला तिथे जाऊन बसला. आज घरी जाऊन लावली तर उद्या दिवसभरात सगळं संपेल. तान्ह्या ऋषीला ती शेजारच्या यशोदाबाईंकडे ठेवून आली होती. ती निघताना त्यांनी ऐकवलंच होतं, "लवकर या हो, तो दूध मागायला लागला की मी काय करणार?" मग उद्या त्यांच्याकडे ठेवायलाही नको.

"चहा टाकते," म्हणत प्रेमला मागच्या ओट्याकडे गेली.

पत्रा तापला होता. खोलीच्या दुसऱ्या टोकाला साडीची झोळी बांधलेली होती आणि तिच्यात बाळ चुळबुळत होतं. आधी कुरकुर, मग रडणं. अस्मितानं वाकून पाहिलं. सातआठ महिन्यांची मुलगी, केस घामानं कपाळाला चिकटलेले. अस्मितानं झोळीला झोका दिला, तरी ती थांबेना. वारा इकडे येतच नव्हता. तिनं स्टूल ओढून पंख्याचं तोंड झोळीकडे केलं. मुलीनं दोन हुंदके दिले, मूठ तोंडात घातली आणि शांत झाली.

अस्मिता पुन्हा मशीनपाशी बसली. पचनसंस्था झाली, वनस्पतीचं मूळ झालं. मूत्रपिंडाचं पान येता येता अर्ध्यावर थांबलं. तिनं माउस हलवला. बाण जागचा हलला नाही. की दाबल्या, पुन्हा दाबल्या. स्क्रीनवर अर्धं मूत्रपिंड तसंच राहिलं.

प्रेमला दोन कप घेऊन आत आली. तिनं स्क्रीनकडे पाहिलं नाही. तिनं पंख्याकडे पाहिलं.

कप खाली ठेवायला तिनं बराच वेळ घेतला.

"तुम्हाला माहीत होतं," अस्मिता म्हणाली.

"पंखा लावला तं दिसभर चालते, ताई. पोरीची शपथ. सा महिने याच पट्टीवर कामं केली मी. एक पान गेलं नाय."

"मग विकता कशाला?"

प्रेमला झोळीपाशी गेली. मुलीला उचलून तिनं खांद्यावर पालथं घेतलं आणि झबलं वर केलं. मानेपासून कंबरेपर्यंत घामोळं, मध्येमध्ये फोड. काही सुकलेले, काही भरलेले. त्यांवर जांभळं औषध लावलेलं होतं.

"डॉक्टर बोलला, हिला वारा पायजे."

तिनं झबलं खाली केलं. दोघींपैकी कुणीच चहाला हात लावला नाही. त्याच्यावर साय धरायला लागली होती.

अस्मितानं फ्लॉपी काढून पर्समध्ये ठेवली. उठली. दारापर्यंत गेली, चपलेत एक पाय घातला आणि तशीच उभी राहिली. मग पाय बाहेर काढून परत आली.

"जरा वळवू का?" तिनं पंख्याकडे हात करून विचारलं.

प्रेमला मुलीला घेऊन भिंतीकडे सरकली. अस्मितानं पंखा कॅबिनेटकडे फिरवला, मशीन बंद केलं, थोडं थांबून चालू केलं. पर्समधून फ्लॉपी पुन्हा काढली. प्रकरण उघडलं. हृदय, डोळा, पचनसंस्था, मूळ. मूत्रपिंड पूर्ण आलं. ती शेवटच्या पानापर्यंत गेली आणि पुन्हा पहिल्या पानावर आली. प्रेमलाच्या खांद्यावर मुलगी परत कुरकुरायला लागली होती. प्रेमला पदरानं तिला वारा घालत होती.

"पंखा किती लांब ठेवायचा?" अस्मितानं स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं.

"हातभर. त्याच्याहून लांब नको."

"आणि झाकण?"

"उघडंच ठेवायचं."

प्रेमलानं मशीन बंद केलं, एका हातानं खटके मागे ओढून पट्टी काढली. सिगारेटच्या चंदेरी कागदात गुंडाळली. पुढे करता करता तिचा हात थांबला.

"तुमच्याकडं दुसरा पंखा हाय ना, ताई?"

अस्मितानं पर्स उघडली आणि मान खाली घालून पैसे शोधू लागली.