तिसऱ्या रेकॉर्डवरचा वाद

ऑकलंडमधल्या पेनरोजच्या कोल्ड स्टोअरमध्ये नोकरीला लागून सुगत मेश्रामला तीनेक आठवडे झाले असतील. कंप्रेसरचं झाकण उघडून तो आत डोकावत होता आणि तोंडानं एक रॅप पुटपुटत होता. मागे एक फोर्कलिफ्ट येऊन थांबली. वर बसलेली बाई म्हणाली, “शब्द चुकतोयस. तिथं ‘गेट’ नाही, ‘गेज’ आहे.”

ती लोसा. ओटारात वाढलेली सामोअन बाई, सुगतपेक्षा दहाएक वर्षांनी मोठी, दोन्ही हातांवर गोंदण आणि आवाज असा की गोडाऊनच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसानंही वळून बघावं. त्या दिवसापासून अकरा वर्षं दोघांनी चहाची सुट्टी एकत्र घेतली, आणि अकरा वर्षं ते एकाच विषयावर बोलत आले: ‘सॉल्ट अँड टिन’.

ही साउथ ऑकलंडची रॅपर जोडी. नव्वदच्या दशकात दोन पोरांनी एका गॅरेजमध्ये सुरू केलेली. सॉल्टचा आवाज जाड आणि संथ, टिनचा पत्र्यावर खडे पडावेत तसा. तीन रेकॉर्ड काढल्या आणि वेगळे झाले. लोसानं त्यांना शाळेच्या हॉलमध्ये, साध्या रबरी चपला घालून स्टेजवर आलेलं पाहिलं होतं. सुगतनं कधीच पाहिलं नव्हतं. नागपूरहून एकटा आला तेव्हा पापाकुरातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात, कपबशांच्या शेजारच्या टोपलीत, त्याला त्यांची सीडी मिळाली होती. तेव्हा इथल्या लोकांचं इंग्रजी त्याच्या डोक्यावरून जायचं. समोरचा काहीही म्हणाला की तो नुसता हसायचा. रोज ट्रेनमध्ये त्या दोघांना ऐकून ऐकून त्याचा कान तयार झाला. इथं त्याच्याशी सगळ्यात आधी कोण बोललं असेल तर ते दोघं, असं तो म्हणायचा, आणि लोसाला हे फार आवडायचं.

बाकी सगळ्यावर दोघांचं एकमत होतं. पहिली रेकॉर्ड, ‘बॅक फेन्स’, कच्ची पण खरी. दुसरी, ‘हाय विझ’, सगळ्यात गाजलेली. नंतर सॉल्ट सिडनीला गेला, जाहिरातींना आणि मालिकांना संगीत द्यायला लागला आणि आता एका चर्चचा क्वायर बसवतो, याबद्दल दोघांनाही हळहळ होती. टिनची एकट्याची रेकॉर्ड फसली हे सुगत उघड म्हणायचा, लोसा मनात म्हणायची. टिन आता शाळाशाळांतून मुलांना रॅप लिहायला शिकवतो, हे मात्र दोघंही अभिमानानं सांगायची, जणू घरातलाच माणूस.

वाद होता तो तिसऱ्या रेकॉर्डवर. ‘लास्ट बे’वर.

“खोटी आहे ती,” लोसा म्हणायची. “तेव्हा त्यांचं बिनसलं होतं. दोघं एका खोलीत नव्हतेच. मला जाणवतं.”

“मग ते सगळ्यात जवळ त्याच रेकॉर्डमध्ये का वाटतात?” सुगत विचारायचा.

पुरावा कुणाकडेच नव्हता. अकरा वर्षं वाद तसाच राहिला.

यंदा फेब्रुवारीत सुगतनं आईला टाकानिनीला, आपल्या घरी आणलं. वडील, मेश्राम मास्तर, जाऊन सहा महिने झाले होते. कमलाबाई एका सुटकेसमध्ये सगळं बसवून आल्या. नव्या वसाहतीतली सगळी घरं सारखी, कुंपणंही सारखी. पहिल्याच आठवड्यात फिरून येताना त्या शेजारच्यांच्या दाराला किल्ली लावत बसल्या होत्या. त्यानंतर त्यांनी एकटीनं बाहेर जाणं सोडलं. दिवसभर मागच्या अंगणाकडच्या काचेच्या दारापाशी खुर्ची टाकून बसायच्या. आठ वर्षांच्या नातीशी, आरुषीशी, मराठीत बोलायच्या, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघींचं बरं चालायचं. पण काही विचारलं की, जेवण असो, थंडी असो, औषध असो, उत्तर एकच: “छान आहे.” सुगतला त्या ‘छान आहे’ची धास्ती वाटायला लागली होती. रागावली असती, रडली असती, तरी बरं वाटलं असतं.

जूनमधल्या एका शनिवारी दुपारी लोसा घरी आली. भावाच्या अडगळीत तिला ‘लास्ट बे’ची तबकडी सापडली होती, प्लास्टिकसुद्धा न फाडलेली. सोबत भावाचा रेकॉर्ड प्लेअरही उचलून आणला होता. सुगतची बायको धम्मदीना पापाकुरातल्या फार्मसीत कामावर होती. आरुषी गालिच्यावर पालथी पडून चित्र काढत होती. कमलाबाई खुर्चीत मेथी निवडत होत्या.

“किया ओरा, मम,” इथल्या रीतीचा नमस्कार करत लोसा वाकून त्यांच्या गालाला गाल लावत म्हणाली. कमलाबाई हसल्या.

आधी पहिली रेकॉर्ड फोनवरून ऐकून झाली. मग तबकडी फिरायला लागली. सुरुवातीची खरखर, मग टिनचा आवाज, मग सॉल्टचा. लोसा डोळे मिटून मान हलवत होती. दुसरं गाणं संपत आलं तेव्हा कमलाबाईंचे हात थांबले.

“सुगत,” त्या म्हणाल्या, “या दोघांचं भांडण झालं होतं का रे?”

सुगत बघतच राहिला. आईला इंग्रजी जेमतेम कळायचं. रॅप तर तिनं आयुष्यात ऐकला नव्हता.

“काय म्हणतायत?” लोसानं विचारलं. सुगतनं सांगितलं. लोसानं खुर्चीच्या कडेला सरकत म्हटलं, “विचार त्यांना, कशावरून.”

“आधीचं लाव नं जरा,” कमलाबाई म्हणाल्या. सुगतनं पहिल्या रेकॉर्डमधलं गाणं पुन्हा लावलं. “हे ऐक. याचा शब्द संपायच्या आत तो श्वास घेतो. ऐकू येते नं? एकमेकांकडे पाहून गाऊन राहिले. आता ते दुसरं लाव.” सुगतनं सुई मागे ठेवली. “इथं पाहा. हा बारीक आवाजवाला आधी येऊन गाऊन गेला. एकटा. दुसऱ्याच्या ओळींची जागा सोडून गेला. मग तो जाड आवाजवाला केव्हातरी आला अन् त्या जागेत बसला.”

सुगतनं भाषांतर केलं. लोसानं मांडीवर थाप मारली. “बघ! एका खोलीत नव्हते! मी जिंकले!”

“पण,” कमलाबाई म्हणाल्या, “जागा किती बरोबर सोडली आहे. त्याचा श्वास किती लांब, तो कुठं अडतो, सगळं माहीत आहे याले. दूर असलेल्या माणसाची इतकी आठवण ठेवून कोण गाते?”

हेही सुगतनं सांगितलं.  लोसा हळूच म्हणाली, “म्हणजे तूही जिंकलास.” आणि थोड्या वेळानं, “त्यांना कसं कळलं हे?”

आई लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं भीमगीतं गायची, एवढं सुगतला माहीत होतं. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे. विचारलं तर ती म्हणायची, झालं ते, गायलो चार दिवस. आज तिनं मेथीची परडी खाली ठेवली.

“कमल-मंदा पार्टी म्हणत आम्हाला,” त्या म्हणाल्या. “मी अन् मंदा. चौदा वर्षं गायलो. जयंती असो, कुणाच्या घरचं नामकरण असो, बैलगाडीतून, ट्रकमधून जायचो. तिनं ओळ टाकायची, मी उचलायची. मग एका कंपनीनं कॅसेट काढली. कंपनीचा माणूस मला म्हणाला, ताई, कव्हरवर एकच फोटो बसते, तुमचा टाकतो. मी गप्प राहिली. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. गप्प राहिली.”

आरुषी चित्र सोडून आजीकडे बघायला लागली होती.

“दसऱ्याला दीक्षाभूमीवर स्टॉल लागले. मंदानं कॅसेट उचलली. उलटीपालटी करून पाहिली. परत ठेवली. मी बाजूलाच उभी होती. ती एक शब्द बोलली नाही. कंपनीला आणखी एक कॅसेट द्यायचं कबूल केलं होतं, ती मात्र झाली. मंदा सकाळी येऊन गाऊन गेली, मी दुपारी गेली. कानाला हेडफोन लावला तर तिनं माझ्यासाठी जागा सोडलेली. अगदी नेमकी. मी जेवढा दम घेते तेवढी. मी गायली, घरी आली, अन् त्यानंतर गाणंच सोडलं.”

“किती वर्षं झाली?” सुगतनं विचारलं.

“तू पाच वर्षांचा होता.”

म्हणजे चौतीस वर्षं. सुगत लोसाला सांगायला लागला. लोसानं उरलेलं न ऐकताच विचारलं, “मंदा जिवंत आहेत?”

कमलाबाईंना तो प्रश्न भाषांतराशिवाय कळला. “आहे. इंदोऱ्यात राहते. सुशीलच्या गल्लीतच.”

सुशील म्हणजे सुगतचा चुलतभाऊ. सुगतनं त्याला तिथल्या तिथे फोन लावला. नागपुरात सकाळचे नऊ वाजत होते. सुशील दात घासता घासता बोलला, दोन मिनिटांत मंदाबाईंच्या सुनेचा नंबर त्यानं पाठवला. सुगतनं फोन आईच्या हातात दिला. तिनं तो धरला, परत दिला, पुन्हा मागितला. पदर नीट केला.

“लाव,” ती म्हणाली.

सुनेनं फोन सासूला नेऊन दिला. “कोन?” स्पीकरवर पलीकडून आवाज आला, घोगरा.

“कमल.”

बराच वेळ नुसती भांड्यांची खुडबुड ऐकू आली.

“कोनती कमल?”

“तुही कमल. दुसरी कोनती?”

 मग मंदाबाई म्हणाल्या, “माहा कुकर लागला आहे. दहा मिनिटानं कर,” आणि फोन बंद झाला.

 “इज शी अँग्री?” आरुषीनं कुजबुजत विचारलं. लोसानं तिला जवळ ओढून मांडीवर घेतलं. कमलाबाई घड्याळाकडे बघत बसल्या. सुगतला वाटलं, आपण हे उगाच केलं. एवढी वर्षं झाकलेली गोष्ट, एका रेकॉर्डच्या नादात उघडी पाडली.

सातव्या मिनिटाला फोन वाजला.

“झाल्या तीन शिट्ट्या,” मंदाबाई म्हणाल्या. “बोल.”

“मी तवा गप्प बसली, मंदा.”

“माहीत आहे मले.”

“चुकलं माहं.”

“हाव. चुकलं.” मंदाबाईंनी जाऊ दे म्हटलं नाही. एक श्वास घेतला आणि म्हणाल्या, “मास्तर गेले तवा मी आल्ती तुह्या घरी. पायरीपर्यंत आली. आत लय मानसं होती. परत गेली.”

कमलाबाईंनी तोंडावर पदर धरला. वडील गेल्यावर न रडलेली आई सुगतनं त्या क्षणी रडताना पाहिली. लोसानं आरुषीला उचललं आणि अंगणात नेलं. सुगतही मागोमाग निघाला. काचेतून आई दिसत होती, फोन दोन्ही हातांनी कानाशी धरलेला. तिची भाषा बदलली होती. सुगतला लहानपणी आजोळी ऐकलेले शब्द आठवायला लागले. त्या दोघी तासभर बोलल्या. बाहेर लोसानं, येताना उचलून आणलेली मेथीची उरलेली जुडी निवडायला घेतली आणि पानांऐवजी देठच ठेवले.

रात्री जेवताना धम्मदीनानं नेहमीसारखं विचारलं, “भाजी कशी झालीय, आई?”

“मीठ कमी आहे,” कमलाबाई म्हणाल्या. “पहिल्यापासूनच कमी घालतेस.”

धम्मदीनानं सुगतकडे पाहिलं, आणि दोघांनाही हसू आवरेना.

मग दर शनिवारी फोन व्हायचा. मंदाबाईंनी सगळंच माफ केलं असं नाही. मधेच एखाद्या बोलण्यात जुना काटा टोचवून जायच्या, आणि कमलाबाई ते ऐकून घ्यायच्या. एकदा दोघींनी गाऊन पाहिलं. आवाज उशिरा पोचायचा, दोघी एकाच वेळी सुरू व्हायच्या, एकाच वेळी थांबायच्या.

“फोन खराब आहे,” कमलाबाई म्हणाल्या.

“फोन नाही. तूच घाई करते. पहिल्यापासून.”

ऑगस्टमध्ये एका सकाळी कमलाबाईंनी सुगतला समोर बसवलं. “मला दसऱ्याच्या आत नागपूरला जायचं आहे,” त्या म्हणाल्या. “परत येईन. पण कधी ते विचारू नको.”

सुगतनं फक्त मान हलवली. आईला इथं रुळवायचं म्हणून त्यानं काय काय केलं होतं: तिच्या खोलीचे पडदे, तिच्यासाठी लावलेली कढीपत्त्याची कुंडी. पेनरोजला चहाच्या सुट्टीत त्यानं लोसाला हे सांगितलं. “म्हणजे मी तिला इथं आणलं ते तिची मैत्रीण शोधून द्यायला,” तो म्हणाला.

 “त्यापेक्षा मोठं काम तू या गोडाऊनमध्ये तर अजून केलेलं नाहीस,” लोसा म्हणाली, आणि स्वतःच्या डब्यातलं अर्धं सापासुई, तिच्या आईच्या पद्धतीच्या नूडल्स, त्याच्या डब्यात ओतलं.

विमानतळावर लोसाही आली होती. कमलाबाईंच्या बॅगेत मंदाबाईंसाठी लोकरीचे मोजे होते, तीन जोड, कारण थंडीत तिच्या टाचा फुटतात. आरुषी आजीच्या कमरेला मिठी मारून म्हणाली, “लवकर ये.” मराठीत. कमलाबाईंनी तिचे गाल कुरवाळले, सुगतच्या डोक्यावरून हात फिरवला, लोसाच्या गालाला गाल लावला.

मग त्या आतल्या रांगेकडे निघाल्या. वळून हात करतील म्हणून सगळे थांबले होते. त्या वळल्या, हात केला, पण दुसरा हात कानाशी होता. फोनवर त्या मंदाबाईंना बजावत होत्या की घ्यायला स्टेशनवर नाही, विमानतळावर यायचं, आणि वेळेवर यायचं.