दुकान वाढवले आहे

घड्याळजींच्या तोंडून दुकानाबद्दल 'बंद' हा शब्द उभ्या जन्मात निघाला नव्हता. रोज संध्याकाळी शटर ओढताना ते म्हणायचे, "चला, दुकान वाढवू या." वडिलांनीच बजावलं होतं, बंद म्हणणं अशुभ, वाढवलं म्हणायचं.

आता बारीक काम डोळ्यांना दिसेनासं झालं होतं, आणि घड्याळ दुरुस्तीला आणतंय कोण म्हणा. शेवटच्या संध्याकाळी मुलगा म्हणाला, "बाबा, शटरवर 'बंद आहे' असं लिहून टाकतो."

"मी मेल्यावर लिही," म्हणत त्यांनी खडू हिसकावून घेतला आणि वळणदार अक्षरात स्वतःच लिहिलं, 'दुकान वाढवले आहे.'

दुसऱ्या दिवशी शेजारचा तरुण झेरॉक्सवाला हसतमुखाने घरी आला. "अभिनंदन, काका. एवढं दुकान वाढवलंत आणि आम्हाला पत्ता नाही? नवी जागा कुठे घेतली?"

घड्याळजींनी त्याचा चेहरा निरखून पाहिला. पोरगा चेष्टा करत नव्हता. त्या शब्दाचा दुसरा अर्थ त्याच्या कानावर कधी पडलाच नव्हता.

तो गेल्यावर ते ओलं फडकं घेऊन शटरपाशी गेले. मधला एक शब्द पुसला आणि तिथे 'बंद' लिहिलं.

तेव्हा कुठे दुकान बंद झालं.