शेड, शॅडो आणि कोमल

कळमनुरीजवळच्या इंग्रजी शाळेत ज्योतीला वीस मिनिटांचा डेमो तास घ्यायचा होता. लग्नानंतर चार वर्षं बी.ए.ची डिग्री ट्रंकेत पडून होती आणि आता कुठे ही एक जागा निघाली होती. सासूबाई ऐनवेळी लेकीच्या बाळंतपणाला गोरेगावला गेल्या, म्हणून अडीच वर्षांच्या कोमलला कडेवर घेऊनच ती पोचली. मुख्याध्यापिका साधना मॅडमनी आधी लेकराकडे पाहिलं, मग डिग्रीकडे.

"रोज अशीच आणणार का हिला?"

सासूबाई गावाला गेल्यात, आजचीच अडचण आहे म्हणून ज्योतीनं वेळ मारून नेली. शाळेतल्या मावशी भिकाबाई पोरीला व्हरांड्यात घेऊन बसल्या.

विषय मॅडमनीच दिला होता: शेड आणि शॅडो यांतला फरक. आपण दोन्हीला सावलीच म्हणतो, मग पोरांना समजवायचं कसं? ज्योतीनं चौथीचा वर्ग सरळ मैदानात काढला. एप्रिलचं अकराचं ऊन. मॅडमनी कडुनिंबाखाली खुर्ची टाकली.

शेड म्हणजे काय, असं विचारल्यावर एकानं म्हशीचं, पत्र्याचं, असं सांगून टाकलं. ज्योतीलाही हसू आलं. म्हशीचं ते वेगळं, ती म्हणाली. मॅडम बसल्यात ना, ती शेड, उन्हापासूनचा आडोसा. आणि शॅडो म्हणजे उन्हात उभ्या माणसाची जमिनीवर पडलेली काळी आकृती. आपण हात हलवला की तीही हलवते. शेडमध्ये बसता येतं, शॅडोत नाही. पोरं आपापल्या शॅडोला वाकुल्या दाखवू लागली. तास रंगला, पण ज्योतीचा एक डोळा व्हरांड्याकडेच. पोरगी खडू तर खात नाही ना, हौदाकडे तर गेली नाही ना?

तेवढ्यात कोमल भिकाबाईंच्या हातून निसटली आणि अनवाणीच आईकडे पळत सुटली. फरशी संपली तसे पाय भाजले. उड्या मारत ती आईपाशी आली आणि तिच्या शॅडोत उकिडवी बसली. अगदी निवांत.

शेवटच्या ओळीतल्या एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, तुमी म्हनल्या शॅडोत बसता येत न्हाई. ही तर बसून राहिली. मंग ही शेड का शॅडो?"

कडुनिंबाखाली लिहीत बसलेल्या मॅडमचं पेन थांबलं. एक पाऊल सरकावं तर पोरीला चटका बसणार, म्हणून ज्योती जागची हललीही नाही.

"तुझं बरोबर आहे, माझं चुकलं," ती म्हणाली. "माझ्याकडून बघितलं तर शॅडो. तिच्याकडून बघितलं तर शेड."

"मंग दोन्ही लिहू?"

"दोन्ही लिही."

उरलेला तास तिनं एकाच जागी खांबासारखं उभं राहून घेतला. संपल्यावर मॅडमनी ऑफिसात बोलावलं, तर ज्योती म्हणाली, येते, पण आधी कुणीतरी हिची चप्पल आणून द्या.

चप्पल मॅडमच घेऊन आल्या. सोमवारपासून या म्हणाल्या. सासूबाई परत येईपर्यंत पोरीला भिकाबाई बघतील.

"मी?" भिकाबाई म्हणाल्या. "माझ्या हातात पाच मिनिटं टिकली न्हाई ही."

"मग निसटली तरी पाय भाजणार नाहीत असा बक्कलवाला बूट घाला तिला," मॅडम म्हणाल्या.

ज्योतीनं तो घरी जातानाच घेतला. एक नंबर मोठा, वर्षभर पुरेल असा.