बारावा कान

सासूबाईंनी पिशवी पायरीवर टाकली आणि चप्पल न काढता तशाच वाफ्याकडे वळल्या. चार दिवस बहिणीकडे राहून आल्या होत्या. दारापासून कुंपणापर्यंत पसरलेला वाफा कुणीतरी विंचरून ठेवल्यासारखा गुळगुळीत दिसत होता. खडा नाही, काडी नाही. आणि कानही नाहीत.

"माझे कान कुठे गेले?"

मुलाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "ते कुठे जातात? आमचं काय चाललंय ते ऐकायला दाराआडच असतील."

"तू दाढी कर. गालावर साबण वाळलाय."

सून पुठ्ठ्याचा खोका घेऊन बाहेर आली. आत कपांचे तुटके कान होते. अकरा. धुऊन, पुसून, एकेक वेगळा कागदात गुंडाळलेला.

या घरात कप फुटला की कप टाकत, कान ठेवत. मातीखाली झोपलेल्या प्रत्येक कंदाच्या उशाशी सासूबाई एक कान रोवत. पानं वाळून गेली, वर नुसती माती राहिली, तरी निळा कान म्हणजे निशिगंध आणि सोनेरी काठाचा म्हणजे डेलिया, हे त्यांना दुरूनही कळे. शाळेशी त्यांचं दुसरीतच फाटलं होतं. नावाच्या पाट्या लिहून लावणं हा त्यांचा प्रांत नव्हता.

"मला फुटकं सामान वाटलं," सून म्हणाली. "पायात गेलं असतं कुणाच्या. पण काढायच्या आधी मी सगळं मापून घेतलंय, आई. आमच्या कचेरीत तसंच करतात. आधी आहे ते कागदावर घ्यायचं, मग नवं काढायचं."

ती इमारतींचे नकाशे काढायची. तिने नकाशाची गुंडाळी पुढे केली. सासूबाईंनी हात मागे बांधले.

"कागदावर फुलं आली असती, तर लोकांनी कुदळी भंगारात घातल्या असत्या."

सुनेने गुंडाळी परत काखेत घेतली. तिला या घरात येऊन तिसरं वर्ष होतं. कुठे गप्प बसायचं हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं.

गेल्याच आठवड्यात सासूबाईंनी दाराआडून मुलाचं सुनेशी चाललेलं बोलणं ऐकलं होतं. आईच्या हल्ली लक्षात राहत नाही. दूध दोनदा उतू गेलं. एकच गोष्ट तीनतीनदा सांगते. यंदापासून बाग तूच बघ. मुलगा हळू बोलत होता, आणि तेच त्यांना जास्त लागलं होतं. त्या रागाने बहिणीकडे निघून गेल्या होत्या. परत आल्या तर वाफा पुसलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्टूल घेऊन वाफ्याशी बसल्या. शेजारी सुनेने रोपांचे ट्रे मांडले होते: झिनिया, पिटुनिया, झेंडू. सासूबाईंच्या लेखी ही सगळी पाहुणी. येतील, चार महिने मिरवतील, जातील. कंद म्हणजे घरची माणसं. पाहुण्यांना मधल्या मोकळ्या जागेत बसवायचं, घरच्यांच्या डोक्यावर नाही. जागा चुकली तर खुरपं सरळ कंदात जाणार, आणि चिरलेला कंद आतल्या आत कुजणार.

"मी बोट दाखवते, तू कान लाव. कागद ठेव तिकडे."

त्यांनी बोट दाखवलं, सुनेने कान लावला. निळा, पांढरा, सोनेरी काठाचा, गुलाबी ठिपक्यांचा. प्रत्येक वेळी ती "बरोबर, आई" म्हणाली. दोनदा मात्र तिचा हात बोटाखालून किंचित डावीकडे सरकला. सासूबाईंनी ते पाहिलं. पदराने चष्मा पुसला आणि पुढचं बोट दाखवलं.

अकरा झाले. खोका रिकामा झाला. त्या उठल्या, नळापासून पावलं मोजत गेल्या आणि थांबल्या.

"इथे अजून एक आहे. फुटबॉल लिली."

"याचा कान...?"

"याला कान नाही. हा कंद पोरगा रांगायला लागला त्या वर्षी लावलाय. हा विसरले तर मग माझं नाव मला सांगायला लागेल तुम्हाला."

सुनेच्या कागदात इथे काहीच नव्हतं. मग तिने काडीने दोन वीत रुंद गोल आखला. "इथे काही लावत नाही."

महिन्याभरात पाहुण्यांनी वाफा ताब्यात घेतला. झिनिया गुडघ्यापर्यंत आली. मग एका सकाळी निळ्या कानाशी हिरवं टोक दिसलं, आठवड्याने सोनेरी काठाशी. मग दर दोन-चार दिवसांनी एखादा कंद जागा व्हायचा, नेमका आपल्या कानाशी. एवढी वर्षं बघूनही सासूबाईंना ते खरं वाटत नसे. खाली मिट्ट काळोख, ना घड्याळ, ना हाक, तरी कंदांना कोण सांगतं, की आता उठा? त्या वाकून बघत तेव्हा बोलत नसत. बोलणं थांबवणारी एवढी एकच गोष्ट त्यांच्या आयुष्यात होती.

गोल मात्र तसाच उघडा राहिला.

"आईचं टक्कल," मुलगा म्हणायचा. "तेल लावून बघ."

"तुझ्या बापाला लावून बघितलं, उगवलं नाही," त्या म्हणायच्या, आणि संध्याकाळी त्या उघड्या मातीला तांब्याभर पाणी घालायच्या. ऊन तापायला लागलं. लिलीची वेळ झाली. मग होऊन गेली. मुलाने थट्टा थांबवली. त्या दिवसापासून सासूबाईंना नीट जेवण जाईना.

एकदा पहाटे त्या चहा ठेवायला उठल्या. नुकतं फटफटलं होतं. खिडकीतून त्यांना वाफ्यात गुडघे टेकून बसलेली सून दिसली. ती झिनिया उपटत होती. उपटत कसली, मातीच्या ढेकळासकट अलगद उचलत होती, फुलांवर आलेली, आणि त्या उघड्या गोलात नेऊन बसवत होती.

सासूबाई ओरडायला खिडकीशी गेल्या, तेवढ्यात त्यांना दिसलं. झिनियाच्या गर्दीत, गोलापासून हातभर उजवीकडे, मातीला चीर पडली होती. चिरेतून पक्ष्याच्या चोचीसारखं लालसर टोक वर आलं होतं. सून त्याच्याभोवतीची माती बोटांनी मोकळी करत होती. खुरपं तिने लांब ठेवलं होतं.

टेबलावर सुनेचा नकाशा उलगडून पडला होता. सासूबाईंनी तो पहिल्यांदाच पाहिला. आकाशात उभं राहून खाली बघावं तसा त्यांचा वाफा दिसत होता. अकराही कान त्यात होते, आपापल्या रंगात. निळ्याचा टवका गेलेला कोपरासुद्धा तिने काढला होता. अक्षर एकही नव्हतं. त्यांना सगळंच वाचता आलं. नळाजवळचा गोल तेवढा पेन्सिलीने काढलेला होता, त्यांनी सांगितला तिथेच. वर खोडरबर ठेवलेलं.

चहा उतू गेला. त्यांनी गॅस बंद केला, ओटा पुसला, आणि सून आत आली तेव्हा पाठ फिरवून साखर शोधत राहिल्या.

पाचव्या दिवशी फूल उमललं. बाजूला पान नाही, फांदी नाही. उघड्या मातीतून एक सरळ देठ आणि त्यावर शेकडो तांबड्या तारांचा गोल. त्याच्याभोवती दोन वीत मोकळी जागा, काडीने आखल्यासारखी. मुलगा ब्रश तोंडात धरून बाहेर आला आणि फुलाशी उकिडवा बसला.

"मानलं, आई," तो ब्रश काढून म्हणाला. "बिनखुणेचं. इतक्या वर्षांनी."

सून खाली बघत झारी भरत होती. तिच्या नखांत अजून माती होती.

सासूबाई आत गेल्या. स्वतःचा कप घेऊन आल्या, रोजचा, पिवळ्या फुलांचा, ज्याला घरात दुसरं कुणी हात लावत नसे. पायरीच्या कडेवर त्यांनी तो एकदाच आपटला. कान वेगळा झाला.

"अहो आई! चांगला होता की."

"होता," त्या म्हणाल्या. कान त्यांनी सुनेच्या ओल्या हातात ठेवला. "हा तिथे लाव. आणि तुझ्या त्या कागदावर शाईने काढ."